आईला सांगितलेली गाणी

२ सप्टेंबर

मिळालं! कार्यक्रम मिळाला. शिट्टीवाला, गाण्यात शिट्टी घालणारा माझा लहानपणापासूनचा आवडता गायक, गाणार, आणि त्याच्यापासून चार पावलांवर उभी राहून मी त्याची गाणी खुणांच्या भाषेत सांगणार. समोरच्या रांगांत बहिऱ्यांसाठी जागा राखून ठेवल्यात. आयोजकांच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होते. "तुमची आणि तुमच्या जोडीदार मुलीची निवड झालीय," म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं." एवढी वर्षं दुभाष्याचं काम करतेय, लोकांचे शब्द इकडून तिकडे नेतेय, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा तोंडातून काय निघालं, तर बरं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली — म्हातारा झाला असेल ना आता तो? मी म्हटलं — तूही झालीस. ती म्हणाली — मी कुठे गाते?

४ सप्टेंबर

दादाला फोन केला. वाटलं खूश होईल. "अजून तोच का?" म्हणाला. "तीन सुरांत जन्म काढला त्याने. आणि शिट्टी."

दादा कॉलेजात शिकवतो. त्याच्या घरी गाणं लागलं की सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. बसू दे. सगळ्यांना आवडतं म्हणजे ते हलकं, हे गणित मला कधी जमलंच नाही. रिक्षावाल्याला आवडतं, डॉक्टरला आवडतं, मला आवडतं. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून आवडतं. यात लपवण्यासारखं काय आहे? मी काही चोरी केलेली नाही.

आमच्या घरात रेडिओ होता, हेच मुळात नवल. आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. रेडिओ कुणी तरी भेट दिलेला, कपाटावर शोभेला ठेवलेला. मी तो खाली काढला आणि लावला. दादा तेव्हा वसतिगृहात. आवाज कमी कर म्हणणारं घरात कोणी नाही! वरच्या मजल्यावरच्या काकू यायच्या भांडायला. आमच्याकडे बेल नव्हती, बटण दाबलं की दिवा उघडझाप करायचा. आई दार उघडायची, काकूंच्या ओठांकडे बघायची, आणि अगदी भाबडा चेहरा करून विचारायची — कसला आवाज?

एकदा तिने रेडिओवर हात ठेवला. म्हणाली — थरथरतंय. काय म्हणतोय हा?

मग मी सांगायला लागले. हातांनी. तिने माझी मनगटं धरली, म्हणजे ठेका कळेल. साधं बोलताना ती फक्त बघायची. गाण्याला मात्र मनगटं धरून बसायची. बाबा तेव्हा होते, म्हणायचे, या दोघींची नाडीतपासणी चाललीय.

७ सप्टेंबर

हे एकदा सरळ लिहून टाकते. आईची नजर जातेय. कडेकडेने मिटत चाललीय, नळीतून बघितल्यासारखं दिसतं तिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी सांगितलं, मधलं अजून बरं आहे, पण कधीपर्यंत ते सांगता येणार नाही. ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, मग माणसाने बोलायचं कसं? मी कामावर अशी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या हातात हात देऊन बोलावं लागतं. पण ते वेगळं. ती माझी आई नव्हती.

म्हणून हा कार्यक्रम. तिला दिसतंय तोवर. तिने पहिल्या रांगेत बसावं आणि घरात जे मी तिच्यासाठी केलं ते एवढ्या दिव्यांखाली, खुद्द त्याच्या शेजारी करताना मला बघावं. मला दुसरं काही नको.

तपासणीची तारीख याच महिन्यात होती. म्हणाली — कार्यक्रम झाल्यावर जाऊ. एका वेळी एकच धावपळ.

९ सप्टेंबर

गाण्यांची यादी आली. पावलांचं गाणं आहे. शेवटून दुसरं.

१२ सप्टेंबर

चिमणीबरोबर सराव. चिमणी म्हणजे माझी जोडीदार. हात एवढे भराभर चालतात की तिला सगळे हेच म्हणतात. आम्ही नेहमी जोडीने काम करतो. एकीने काही वेळ सांगायचं, दुसरीने समोर बसून नजर ठेवायची, काही निसटलं तर पुरवायचं, मग अदलाबदल. एकटीचे हात आणि डोकं दोन्ही थकतात.

पावलांच्या गाण्यापाशी आम्ही अडलो. जिन्यावर पाऊल वाजलं की मला कळतं तूच आलीस, असं तो म्हणतो. कान असलेल्या माणसाचं गाणं ते. चिमणीने 'ऐकणं'ची खूण केली, 'पाऊल'ची केली. बरोबर होतं सगळं, पण त्यात काही नव्हतं. मी तिला आमच्या घरातली खूण दाखवली. दोन बोटं मनगटापासून कोपरापर्यंत चढत जातात, आणि वर पोचली की तळवा छातीवर. मी लहानपणी आईसाठी केली होती. आई तेव्हा म्हणाली होती — हे तर मलाही कळतं, जमीन हलते की. आमच्या खोल्यांची जमीन फळ्यांची. कोण आलं हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं.

चिमणीने ती लगेच करून बघितली. "ताई, हीच घेऊ या," म्हणाली. घेतली.

१५ सप्टेंबर

आज इस्पितळात काम होतं. डॉक्टर बोलत होते, समोर एक बहिरा तरुण आणि त्याची बायको. दुभाष्याने 'मी' म्हणायचं असतं, जो बोलतोय त्याचा 'मी'. म्हणजे त्या बाईला आता फार उपाय उरलेला नाही हे माझ्या हातांनी सांगितलं. आणि तो तरुण जे म्हणाला तेही माझ्याच तोंडून गेलं. "मी काय करू आता?" हे मी मोठ्याने म्हणाले, त्या खोलीत, त्याच्या वतीने.

परत येताना बसमध्ये कानात शिट्टीवाला. तेच ते साधं गाणं, दाराशी छत्री विसरून गेलेल्या माणसाचं. दादा विचारतो ना काय आहे त्याच्यात, तर हे आहे. दिवसभर मी दुसऱ्यांचा 'मी' असते. तीन मिनिटं कोणी तरी माझ्या वतीने बोलतं. घर येईपर्यंत माझा चेहरा माणसात आला.

१९ सप्टेंबर

आई रोज संध्याकाळी सरावाला बसते. खुर्ची माझ्या अगदी गुडघ्यांना भिडवून. मनगटं धरते, लहानपणी धरायची तशी. दुसऱ्या गाण्यात म्हणाली — घाई करतेस. खरंच करत होते. चिमणीच्याही लक्षात आलं नव्हतं ते.

आणि आता गाण्यांच्या नादात साध्या बोलण्यालाही धरते. भाजी काय करू विचारलं तरी हात धरूनच उत्तर. लाडात आलीय म्हातारी. मलाही बरं वाटतं, कशाला खोटं बोलू.

२२ सप्टेंबर

आईने शिवणयंत्रावर चादर घातली. सगळं आयुष्य कपडे दुरुस्त करण्यात गेलं तिचं. म्हणाली — कंटाळा आला. मी म्हटलं — यायलाच हवा होता कधी तरी.

२८ सप्टेंबर

लिहवत नाहीये. पण लिहिते.

दुपारी लवकर सुटले. दार उघडून आत आले. आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती, तोंड माझ्याकडे. लख्ख उजेड होता. म्हणाली — आलीस? लवकर आज.

मी दारातच उभी राहून म्हटलं — हो, आजचा खटला उद्यावर गेला. चहा ठेवू?

ती मटार सोलत राहिली.

पुन्हा विचारलं. हात मोठे करून. काही नाही. मला वाटलं रुसलीय. मग, मला माहीत नाही मी असं का केलं, मी तिथेच उभी राहून पावलांचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं. दुसरं. तिच्यापासून सहा हातांवर, तिच्या तोंडासमोर. ती माझ्याकडे बघत होती आणि बोटं शेंगा फोडत होती.

मग तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं — गप्प का उभी आहेस?

२९ सप्टेंबर

डॉक्टरांकडे नेलं. उजेड-अंधार कळतो. बाकी काही नाही. एकदम झालेलं नाही, उन्हाळ्यापासून हळूहळू जात असावं, म्हणाले. त्यांचं बोलणं मी तिला सांगितलं, तिचे हात माझ्या हातांवर. या वेळी कोणाचा 'मी' कोणता, ते मला सांभाळता आलं नाही. मध्येच थांबले. तिने माझी मनगटं हलवली — पुढे सांग, मला माहितीय.

मी लोकांना शिकवते. कोणी हात धरायला लागलं की समजा, त्याला दिसत नाहीये. नव्या दुभाष्यांच्या वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगते. आणि माझ्या आईने धरले तेव्हा मला वाटलं ती गाणं ऐकतेय.

संध्याकाळी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात हात देऊन भांडले, आणि ते फार अवघड असतं, कारण हात सोडवून घेतला की भांडण संपतं. म्हटलं — सांगितलं का नाहीस? म्हणाली — तू कार्यक्रम सोडला असतास. म्हटलं — आणि तू तिथे बसून काय करणार होतीस? म्हणाली — बसणार होते. सगळे तुझ्याकडे बघत असतील. एवढं पुरे होतं मला.

मग म्हणाली — आता हात आवर. दुखतील.

१ ऑक्टोबर

चिमणीला सांगितलं. ती पटकन म्हणाली, "ताई, स्टेजवर तुम्हीच पाहिजे. काकूंपाशी मी बसते, त्यांच्या हातात सगळं सांगते." माझ्या जोडीला आमच्या दुभाष्यांच्या एजन्सीतली दुसरी मुलगी येईल, तेही तिने ठरवून टाकलं. दादाचं पण तेच. "लहानपणापासून तुला हेच हवं होतं ना? मग जा." शिट्टीवाल्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. रडले फोनवर.

आईचंही तेच — चिमणीचे हात चांगले आहेत, मला कळेल.

सगळ्यांचं बरोबर आहे. कळेल तिला.

२ ऑक्टोबर

खरं लिहायचं तर मला जायचंय. फक्त आईसाठी नव्हतं ते कधीच. मला त्या माणसाच्या शेजारी उभं राहायचंय. त्याने शिट्टी घातल्यावर पहिला श्वास तो कसा घेतो ते जवळून बघायचंय. नऊ वर्षांची मुलगी अजून आत उड्या मारतेय आणि तिला मी काय सांगू?

४ ऑक्टोबर

स्टेजवर सराव झाला. नुसते वादक आले, तो उद्याच येणार. माझ्या जागेवर जमिनीला पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. त्यावर उभी राहिले. दिवे एवढे की समोरच्या खुर्च्या दिसत नव्हत्या, नुसता काळोख. पहिली रांग कुठे, तेही कळेना. तिथून मी ज्याला सांगणार ते माणूस मला दिसणार नाही, आणि त्याला मी दिसणार नाही.

खाली उतरले. चिमणी कोपऱ्यात घरातली ती खूण घोटत होती. छान करते. तिला म्हटलं, उद्या फुलीवर तू. एजन्सीतल्या मुलीला आजच बोलाव आणि तिच्याकडून या खुणेची तालीम करून घे.

"आणि तुम्ही?"

आयोजकांच्या बाईंना सांगून पहिल्या रांगेतली एक खुर्ची उलटी फिरवून घेतली.

५ ऑक्टोबर

स्टेजकडे पाठ करून आईसमोर बसले. त्याला ऐकलं, बघितलं नाही. पावलांचं गाणं आलं, मी सांगितलं, ती मनगटं धरून शेवटपर्यंत हलली नाही. टाळ्यांनी जमीन हादरत होती तेव्हा हात सोडले आणि म्हणाली — बरा आहे की हा. अगदी तुझ्यासारखं गातो.