साखळीवर बसलेली बाई

२८ एप्रिल १९९७, व्हिएन्ना

तो शेजारच्या खोलीत! मी खोली तेवीसमध्ये, रणजीत सर चोवीसमध्ये. इथल्या मराठी मंडळाची चिटणीस सुनयना विमानतळावरून आणताना कौतुकाने म्हणाली, "दोघंही नवी मुंबईचे, म्हटलं शेजारी शेजारी ठेवूया. टेन्शन नाही ना मॅडम?"

नाही. टेन्शन त्याला येणार आहे. तीन दिवसांनी, महाराष्ट्र दिनाला.

हॉटेल शहराच्या ऐन मध्यात, लहानसं, पण सुखाचं. पिसांची रजई, दुहेरी काचेची खिडकी, खाली ट्रामची घंटा. लिफ्टला जाळीचं दार, दोघांत तिसरा मावत नाही. किल्लीला पितळेचा मूठभर गोळा — बाहेर जाताना काउंटरवर द्यायचा. हातात घेतला की एकच डोकं आठवतं!

गावाकडच्या शेजारणीने, भिमाबाईने दिलेला सुका जवळा खिडकीत ठेवलाय. शेजारधर्म तिच्याकडून शिकावा. निघताना लंगडत फाट्यापर्यंत आली — "तिकरं काय खाशील गो?" काउंटरवरच्या बाईंनी जिन्यात दोनदा नाक वर केलं. मी हसून मान हलवली.

२९ एप्रिल

भिंत पातळ आहे. सकाळी सहाला त्याचा आवाज. भाषण घोकतोय. "माझी आई साखळीवर बसली..."

माझी आई!

लिहून काढते, नाहीतर इथेच काहीतरी फोडीन. बहात्तर साली नव्या शहरासाठी जमिनी घ्यायला आमच्या बोनकोड्याच्या शेतांत सरकारी मोजणी आली. मी ठाण्याला मावशीकडे, कॉलेजात. चार दिवसांनी घरी गेले तर गावभर एकच गोष्ट — मढव्यांच्या शेतात बाई मोजणीच्या साखळीवर बसली. शिपायांनी चिखलातून फरफटत नेलं, तरी कडी सोडली नाही. मढव्यांचं शेत म्हणजे आमचं. आई चुलीपुढे गप्प. मी तिच्या पाया पडले, तर उठून आत गेली. अशी बाई! पुढच्याच आठवड्यात कॉलेजच्या सभेत बोलले. आयुष्यातलं पहिलं भाषण, वय एकोणीस. सभागृह रडलं. पहिल्या रांगेत आमचे मराठीचे रणजीत सर. तेही रडले.

सहा महिन्यांनी पनवेलच्या सभेत हे सर उभे. तीच वाक्यं, तोच चिखल, तीच कडी — आणि "माझी आई". साताऱ्याचा माणूस! जाब विचारला तर म्हणाले, "अगं, गोष्ट लढ्याची असते, कुणा एकाची नसते." मग व्याख्यानमाला, मग कॅसेटी. आता मी ती गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, सरांच्या आईचं छान सांगितलंत! माझ्या आईबद्दल मलाच बोलायची चोरी. चोवीस वर्षं!

आईची तरी कमाल. निघताना म्हणाली, "तिकरं माझा नाव नको काडू गो." कर्तृत्व करून गप्प बसणारी माणसं. आणि बोलून खाणारी ही अशी.

दुपारी सुनयना आली. "मॅडम, सरांची ओळख करून द्यायला कोणी मिळत नाही हो. तुम्ही कराल? पाचच मिनिटं. सकाळी तुमचा महिला परिसंवाद आहेच. कमीपणा नका मानू."

कमीपणा? मिठी मारावीशी वाटली तिला. प्रमुख पाहुण्यांचा परिचय! परिचय करून देणाऱ्याला मधेच थांबवायची आपल्यात पद्धत नाही, आणि पाहुण्याला तोवर हात जोडून बसावं लागतं. ग्रीकांनी सूडावर एवढी नाटकं लिहिली, वाचून वाचून माझ्या पुस्तकाची पानं सुटली — पण असलं हत्यार त्यांच्याकडे नव्हतं.

३० एप्रिल

नाश्त्याला समोरासमोर. अंड्यांना लोकरीच्या टोप्या घातलेल्या. केस पार पांढरे झालेत त्याचे.

"अरुणा, झोप लागली का?"

"कशी लागणार सर? शेजारी कुणीतरी पहाटेपासून माझ्या आईच्या नावाने गळा काढत होतं."

त्याने चमचा खाली ठेवला. टोपी काढलेलं अंडं तसंच राहिलं. मी माझं संपवलं आणि दुसरं घेतलं.

१ मे

झालं!

हॉलमध्ये दीडशे माणसं. तो शाल पांघरून हात जोडून बसलेला, चेहऱ्यावर पाहुण्यांचं हसू. मी माईक खाली ओढला. म्हटलं, "सरांची पुस्तकं, पुरस्कार तुम्हाला ठाऊक आहेत. मी त्यांच्या आईची ओळख करून देते."

टाळ्या! मी थांबले. पुरतं शांत होऊ दिलं.

"पुतळाबाई गोटीराम मढवी. मुक्काम बोनकोडे. हयात आहेत. सरांना एकदाही भेटलेल्या नाहीत. मुलाकडे आईचा पत्ता नसावा हे बरं नाही, म्हणून जाहीर देते." दोघं-तिघं हसले. मग कुणी हसेना. "त्या माझ्या आई. साखळी त्यांनी धरली, चिखल आमच्या शेतातला. साताऱ्याच्या डोंगरात खाडीचा चिखल कसा पोचला, ते आता सर स्वतः सांगतील. मी त्यांना विनंती करते."

तो उठला. कागद उघडला, मिटला. "प्रकृती ठीक नाही," एवढंच म्हणाला आणि बसला. सुनयनाने घाईघाईत मुलींचं समूहगीत लावलं.

ट्रामने परत येताना दोन थांबे आधी उतरले. चालावंसं वाटलं. एवढे हलके पाय चोवीस वर्षांत नव्हते!

२ मे

तो आज गेला. मी काउंटरपाशी होते. टॅक्सी दारात, तरी जवळ आला.

"माझी आई मला जन्म देतानाच गेली, अरुणा. तुझी ऐकली आणि वाटलं, असावी तर अशी. पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं. मग मागे फिरायचा रस्ताच सापडला नाही."

"दुसऱ्याची आई घेऊन कुणी मोठं होत नाही, सर."

"खरंय," म्हणाला. पितळेचा गोळा काउंटरवर ठेवला, आवाज न करता.

दया आली नाही. पुन्हा लिहिते — आली नाही. फक्त सकाळपासून भिंत गप्प आहे, ते कानाला जाणवतं.

३ मे

काउंटरवरून बोनकोड्याला फोन लावला. भावाने — रूपेशने — आईला दिला. मी ओरडलेच, "आई, तुला परत आणलं! सगळ्यांसमोर!"

तिने रूपेशला बाहेर जायला सांगितलेलं ऐकू आलं. मग —

"ती मी नव्हती गो. भिमा व्हती. आपला शेत राखाला तिनी साखली धरली. मी तवा सरकारच्या कागदाव आंगठा देत व्हती. तू यवऱ्या लोकांसमोर बोललीस, मंग मी कसा सांगू?"

भिमाबाईचा पाय कशाने गेला, हे मी आजवर विचारलेलं नाही.