गुळाचे हात

आबा, तुमची नात वर्षाची होऊन गेली तरी रांगत नाही. बसवली तर बसते, दोन्ही हात धरून उभी केली तर चवड्यांवर उभी राहते, आणि हात सोडले की मटकन खाली. लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंनी तिच्या टाचा दाबून पाहिल्या आणि विचारलं, "वॉकरमध्ये ठेवता का?" मी हो म्हणाले. दिवसातून किती वेळ, असं विचारल्यावर मात्र मी तिचं झबलं सारखं करू लागले. जागी असते तेवढा वेळ, आबा. "वॉकर बंद," त्या म्हणाल्या. "हात धरून चालवणंही बंद. जमिनीवर सोडा. दुखलं तर घ्या, नुसती चिडली तर थांबा. महिन्याने दाखवा. फरक दिसला नाही तर पुण्याला तपासण्या करू." कसल्या तपासण्या, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. कान्ह्याला घरी येईपर्यंत रिक्षात मी तिचे दोन्ही पाय ओंजळीत धरून बसले होते.

तो वॉकर मीच हौसेने आणला होता, आणि त्याचं कारण तुम्ही होता. तुम्ही आणि आई दोघंही चिक्कीच्या कारखान्यात कामाला. मला सांभाळायला घरी कोणी नाही. मग शेंगदाण्याची पोती गोल रचून मधल्या जागेत मला सोडायचात. ओट्यावर ओतलेला पाक थांबत नाही, निवायच्या आत लाटावा लागतो, आणि अंगाला लागला तर कातडी घेऊनच निघतो. त्यामुळे मी पडले, रडले, तरी तुम्ही जागचे हलायचा नाहीत. "ऊठ गं बाय, माजं हात गुळाचं हायती," एवढंच म्हणायचात. मी बारावी झाले, आपल्या घरातली पहिली, त्या दिवशी तुम्ही हे मला सांगितलंत आणि तोंड फिरवून बसलात. "लेकराला उचलता सुदिक आलं न्हाई," म्हणालात. मला तर त्याच्या पुढचंही आठवत होतं. सातवीत असेन, तुमचा डबा घेऊन आले आणि कारखान्याच्या दारातच घसरले. गुडघा फुटला, कालवण सांडलं. तुम्ही लाटणं धरून उभे. "ऊठ! माज्याकडं काय बघती?" असं सगळ्यांसमोर ओरडलात. संध्याकाळी कागदात चिक्कीचा चुरा बांधून आणलात, तो मी खाल्ला, पण ते ओरडणं विसरले नाही. माझ्या लेकीला कधी असं जमिनीवरून वर बघावं लागणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं असावं.

आता रोज सकाळी मी तिला चटईवर पालथी ठेवते. ती थोडा वेळ मान उचलून बघते आणि मग जो टाहो फोडते, तो शेजाऱ्यांपर्यंत जातो. दुखतंय की चिडलीय, मला कळत नाही. डॉक्टरबाईंना कसं कळतं? काल सासूबाई बाहेरून आल्या त्या तडकल्याच.

"अगं, लेकरू रडतंय आन् तू उभी ऱ्हाऊन बघती? आई हायस का मास्तरीन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्या."

"डॉक्टरीन येती व्हय तिचं डोळं पुसाया? माजी चारी पोरं पांगुळगाड्यानं चालली. एकतरी लंगडं झालं का?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "घालू का गाडीत? जरा येळ. कोन बघतंय?"

माझे हात पुढे गेले होते, आबा. खरंच गेले होते. अजून एक क्षण आणि मी तिला उचललं असतं. मी तशीच वळले, परात ओढली, पीठ घेतलं, त्यात पाणी जरा जास्तच ओतलं आणि मनगटापर्यंत हात घातले. परात घेऊन दारातच बसले. तिने दोन्ही हात माझ्याकडे पसरले. मी माझे हात वर करून दाखवले, बोटांना चिकटलेली कणीक लोंबत होती. "ऊठ गं बाय," मी म्हणाले.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. रडणं बारीक झालं. भिंतीला इंद्रायणी तांदळाचं पोतं टेकवलेलं आहे, तिकडे ती वळली. एक गुडघा ओढला, मग पोट, मग दुसरा गुडघा. पोत्याचा कान मुठीत धरला आणि ढुंगण वर करून, थरथरत, उभी राहिली. सासूबाई खाली वाकून तिच्या पायांकडे बघत होत्या. "अगं, एक टाच टेकली की!" त्या कुजबुजल्या. दुसरी अधांतरीच होती. तेवढ्यात ती बदकन पडली आणि पुन्हा रडू लागली. सासूबाई उठल्या नाहीत. मीही नाही.

महिना अजून भरायचा आहे. ती दुसरी टाच मला झोपू देत नाही. तुम्ही लाटणं धरून तिथे कसे उभे राहत होता, ते आता थोडं कळतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. काल चपात्या सकाळीच झाल्या होत्या. ती कणीक कोणाच्याच जेवणासाठी नव्हती.