दाराला टेकवलेला खराटा

मी, आल्गोट रुडवाल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त पोलीस अधिकारी, राहणार बेकहुल्ट, स्वीडन, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण भाचीचा नवरा शंका काढल्याशिवाय राहायचा नाही.

१. राहते घर भाची इंगेयेर्ड हिला. तिच्या नवऱ्याला माझी कुऱ्हाड द्यावी. उभ्या जन्मात त्याने एक लाकूड फोडलेले नाही.

२. शेजारी फ्रान्स याला काहीही नाही. माझा कुत्रा त्यानेच मारला.

३. १९३१ च्या फेब्रुवारीत विधवा मालिनचा तिच्याच घरात खून झाला. दोन दिवसांत मी छडा लावला, म्हणून मला पदक मिळाले. ते छातीवर लावूनच मला पुरावे.

ताज्या बर्फात तिच्या पायरीपर्यंत एकट्या एव्हर्ट टिंगस्ट्रॉमची पावले उमटली होती. तो शेतमजूर. म्हणाला, "साहेब, करवत परत द्यायला गेलो होतो. दाराला खराटा टेकवलेला होता, म्हणून आल्या पावली परतलो." आमच्याकडे दाराला खराटा म्हणजे घरी कोणी नाही, मग कडीला कोणी हात लावत नाही. पण माझ्यामागून आलेल्या हवालदारांना दाराला खराटा दिसला नाही. एव्हर्ट खोटारडा ठरला. एकोणीस वर्षे तुरुंगात होता. बायको दुसऱ्याबरोबर गेली.

खराटा होता. दारात पहिला मी पोचलो. बूट झाडल्याशिवाय कोणाच्या घरात शिरायचे नाही, ही आईने लावलेली सवय. मी तोच खराटा उचलून बुटांचा बर्फ झाडला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. बर्फ पडण्याआधी निघून गेलेल्या खुन्यानेच तो टेकवला असणार. हे मला तिसऱ्या दिवशी आठवले. तोवर पेपरात माझा फोटो आला होता. मी गप्प बसलो. पश्चात्ताप वगैरे मला झालेला नाही. हा कबुलीजबाब माझ्या मृत्यूनंतरच कोर्टात द्यावा.

४. (ही जागा मोकळी सोडली होती, सह्या झाल्यावर घरी येऊन भरली.) एव्हर्ट आता वृद्धाश्रमात आहे. फुप्फुसे गेली आहेत, मे महिना काही तो बघत नाही. मी ठणठणीत आहे. दर गुरुवारी त्याला भेटायला जातो आणि दर वेळी तो तेच विचारतो. आजही विचारले, "साहेब, खराटा होता ना हो?"

"नव्हता रे, एव्हर्ट."

साक्षीदारांना मजकूर दाखवावा लागत नाही, हा इथला कायदा. मी या कागदावर पुठ्ठा धरला आणि एव्हर्टला साक्षीदाराच्या सहीची जागा दाखवली.

"काय लिहिलंय? कागदानं एकदा माझं वाटोळं केलंय. खोटं असेल तर मी सही करायचो नाही."

"एक अक्षर खोटं नाही यात."

"मग आणा. तुमच्या शब्दावर करतो."

बेकहुल्ट, गुरुवार, १३ मार्च १९५८

(सही) आल्गोट रुडवाल

आमच्यासमक्ष सही केली:

(सही) सिग्ने वादमान, परिचारिका

(सही) एव्हर्ट टिंगस्ट्रॉम