अंगठ्याने उघडणारा डबा

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत एक डबा पाठवतेय. कागदाच्या लगद्याचा आहे. वर प्लास्टिकची पिशवी नाही, चिकटपट्टी नाही. वापरून झाला की ओल्या कचऱ्यात टाकायचा, माती होते. झाकणाला समोर एक छोटी जीभ आहे, ती अंगठ्याने आत दाबायची आणि झाकण उचलायचं. ट्रकच्या धक्क्यांनी उघडू नये म्हणून जरा घट्ट ठेवलीय. हे सगळं डोकं तुझ्या या उंच भाचीचं, शिडीचं बरं का, वर्षभर खपतेय.

आता साच्याची ऑर्डर जाईल. एकदा साचा झाला की लाखो डबे तसेच निघणार. त्याआधी साहेबांना एखाद्या वयस्कर माणसाचं मत हवंय, म्हणून मी तुझं नाव दिलं. डब्यावरची छपाई अजून व्हायचीय, तेव्हा आत काय आहे ते उघडल्यावरच कळेल. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

बाबांचं रोजचं चालू आहे, की ताईला आता इकडेच आणू या, एवढे जिने आणि एकटी बाई. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

लोभ त्या झाकणासारखा घट्ट असू दे.
तुझी शिडी


१२ फेब्रुवारी

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. देखणा आहे, पोस्टमनसुद्धा हातात घेऊन बघत उभा राहिला. उघडायला अगदी सोपा, अंगठा लावला की झालं. साखर छान बारीक आहे, चहात घातली न घातली तोच विरघळली. साहेबांना म्हणावं, पोरीचा पगार वाढवा.

आणि हे पत्र तुझ्या बापाला जरूर दाखव. म्हणावं, जी बाई नवेनवे डबे एका झटक्यात उघडते, तिला उचलून न्यायची घाई नको. इथे माझी मी उठते, माझी मी बसते. तुमच्याकडे आले की मी पाण्याचा पेला उचलला तरी घरभर धावपळ होईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मीटिंगच्या दारातच हातात पडलं. मी शहाणी, न वाचताच आत नेलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. साखरेपर्यंत आले आणि तीच ओळ पुन्हा वाचली. आत्या, डब्यात मीठ होतं. मीच भरलं होतं.

साहेब हसले. म्हणाले, म्हातारी माणसं गोंधळतात, सोपा आहे म्हणाल्या ना, मग ऑर्डर जाऊ दे. खरं सांगते, क्षणभर मलाही तेच हवं होतं. पण मिठाचा चहा पिऊन गप्प बसणारी बाई तू नाहीस. मी ऑर्डर थांबवायला लावली. तेव्हापासून साहेबांचं तोंड फुगलंय. मार्चअखेर नवं झाकण जमलं नाही तर हे काम माझ्याकडून काढून घेणार आहेत.

मी रागावले नाही गं. फक्त खरं सांग, हातांना काय झालंय? बाबांना मी काही बोलणार नाही, ते तुझं तू ठरव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
शिडी


२२ फेब्रुवारी

चि. शिडीस,
अ. आ.

लाजेने मेले मी. डबा हलवून बघितला, आत सरसर वाजलं, आणि दिलं ठोकून साखर म्हणून.

आता खरं ऐक. अंगठ्यांचे सांधे सुजलेत, चिमटीत काही धरवत नाही. हे पत्रही थांबत थांबत लिहितेय. तुझ्या त्या जिभेवर अंगठा दाबला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग चमचा घालून पाहिला, मग दाराच्या फटीत धरून पाहिला. शेवटी कपाटात कपड्यांमागे ढकलला आणि रडत बसले. डब्यासाठी नाही रडले. तुझ्या बापाला कळलं की तो माझं सामानच बांधायला येईल, या भीतीने रडले.

तुझाही राग आला, सांगून टाकते. वर्षभर ट्रकच्या धक्क्यांचा विचार केलास, माणसाच्या हातांचा नाही केलास? माझे हात काही मेलेले नाहीत. तळवा दाबतो, मनगट ओढतं, कोपर तर अजून भांडायला तयार आहे. नुसतं चिमटीचं काम तेवढं सांगू नकोस.

रागाने लिहिलंय, पण मायेत काटकसर नाही.
आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बोलणी पोटभर खाल्ली, आणि ती मला हवीच होती. जीभ कापून टाकली. आता झाकणाच्या मागच्या कडेवर तळव्याने दाबायचं, पुढची कड वर येते. प्रवासात उघडू नये म्हणून वरून कागदाची पट्टी आहे, तिच्या टोकाच्या फासात मनगट अडकवून ओढलं की फाटते.

साहेब म्हणाले, आधी तुमच्या आत्याबाई काय म्हणतात ते कळवा. सोबत नवा डबा आहे, उघडला नाही तर तू सरळ नाही लिही. खोटं कौतुक केलंस तर मी अबोला धरेन.

तुझीच,
शिडी


२५ मार्च

चि. शिडीस,
अ. आ.

तुझा बाप येऊन गेला. मीच त्याला हातांचं कळवलं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. माझं सामान भरायला मोठी बॅग घेऊन आला. त्याच दिवशी तुझा डबा आलेला. त्याला म्हटलं, बस तिथे, मध्ये हात घालायचा नाही.

पट्टी मनगटाने फाडली. तळव्याने दाबलं तर डबाच सरकला. तो उठायला लागला, त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. मग डबा भिंतीला टेकवून दाबला, आणि झाकण वर आलं. साहेबांना कळव, डबा उघडतो, पण सरकतो, तळ जरा खरखरीत करा.

त्याने बॅग बाजूला सरकवली. मग म्हणाला, ताई, घरात आणखी काय काय उघडत नाही ते मला दाखव. दोन दिवस राहिला. नळाला लांब दांडा बसवला, खिडकीची खिटी बदलली, माझ्या शिव्याही खाल्ल्या. मग रिकामी बॅग घेऊन जिना उतरला. खाली पोचल्यावर वर बघून त्याने हात हलवला. मीही हलवला, चांगला उंच.

अशीच लिहीत जा.
तुझी आत्या