डबा आधीच बदलला

नागपूर, १४ सप्टेंबर

आदरणीय नत्थूजी काका,

माझा जयभीम. त्यावर तुम्ही हसून रामराम म्हणता, तो मी इथूनच ऐकला असं समजतो. उमरेडला तब्येत बरी ना? पार्वतीकाकूंचे गुडघे कसे आहेत? इकडे धम्मानंद भाऊजींच्या गॅरेजसमोरचा रस्ता पुन्हा खोदून ठेवला आहे. दीक्षाताई म्हणते, प्रताप नगरात आता गाडी नको, रेडा पाहिजे. तुम्ही गेल्यापासून गाड्या रंगवायला नवा पेंटर आहे.

मधे फोन केला होता मी. पाऊस किती झाला ते विचारलं आणि ठेवला. बोलायचं दुसरंच होतं.

माझं काम काय ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. हिंगणा रोडच्या आमच्या शेडमध्ये गॅरेजवाल्यांचं वापरलेलं, घाण थिनर येतं. त्यात दोनतीन द्रव असे मिसळलेले असतात की गाळून वेगळे होत नाहीत. म्हणून टाकीत तापवायचे. टाकीवर उंच नळकांडं, आत लोखंडी कड्या भरलेल्या. वाफ कड्यांवर चढते, थेंब होऊन खाली गळते, पुन्हा चढते. असं करत करत ज्याला उडायची जास्त घाई, ते हलकं आधी टोकाला पोचतं आणि पलीकडे थंड होऊन डब्यात पडतं. तोवर वरच्या तापमानाचा काटा एका जागी अडून बसतो. हलकं संपलं की काटा हलतो. मधला माल बाजूला काढून पुन्हा टाकीत टाकायचा. काटा परत थांबला की जड मालाचा डबा लावायचा. म्हणजे काट्याकडे बघत बसायचं. आणि बसणंच मला जमत नाही.

एके दिवशी शेडसमोर ट्रक थांबला. मेळ्यातला आकाशपाळणा सुटा करून भरलेला, पाळण्यांवर मोर काढलेले. एका मोराला काढणाऱ्यानं तीन पाय दिले होते, का ते मी ड्रायव्हरला विचारत बसलो. ते जाऊ द्या. तो म्हणाला, बर्डीपर्यंत चल. काटा अजून हलला नव्हता. मी जड मालाचा डबा आधीच लावला आणि ट्रकात चढलो.

परत आलो तर डबा पाहिजे त्यापेक्षा बराच वर आलेला. उरलेलं हलकं सगळं जडात पडलं होतं. पुन्हा टाकीत ओतायला हवं होतं. पण शेठ डब्यांसाठी खोळंबले होते. मी झाकण लावलं. तो डबा भाऊजींकडे गेला.

तुम्ही शेवटी रंगवलेल्या काळ्या गाडीच्या रंगात तेच थिनर होतं, काका. हलकं जास्त झालं की ते भसकन उडतं, रंग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी धरतो. म्हणून तो दुधट झाला.

भाऊजी गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "काका, तुमचा हात आता राह्यला नाही गा. घरी आराम करा." मी दारातच होतो. तुम्ही हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणालात, "असंल बा." जाताना तुमची स्प्रेगन मला दिली, म्हणालात, आता फिरणं पुरे, हे शीक. मी ती घेतली. डब्यापेक्षा जास्त लाज मला त्याची वाटते.

परवा नव्या पेंटरची गाडीही दुधट झाली. डबा तोच. भाऊजी त्याला म्हणाले, हवा दमट आहे, तू काय करशील. तुमच्या वेळी हात, त्याच्या वेळी हवा. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. भाऊजींनी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं. मग म्हणाले, "आता काहून सांगून राह्यला? नोकरी जाईन तुयी. चूप राह्य."

कालचा दिवस मी चूप राहिलोही.

आज सकाळी शेठला सांगितलं. त्यांनी शेडची किल्ली मागून घेतली. तिथून गॅरेजला गेलो आणि भाऊजींना म्हटलं, लिहितो मी, पण काकांना आणायला तुम्ही जा. ते वर न बघता हो म्हणाले. गन त्यांच्यासोबतच पाठवतो.

रविवारी ते येतील. यायचं की नाही, तुम्ही ठरवा. माझ्यावरच्या रागानं नाही म्हणा, भाऊजींवरच्या रागानं म्हणा. फक्त हात गेला म्हणून नाही म्हणू नका. तो कुठंच गेला नव्हता.

तुमच्या हाताला नाव ठेवलं तेव्हा दारात गप्प उभा असलेला,
प्रशिक