कोरडा कॉर्क

बेरिल,

मी डडली गावात दाताच्या डॉक्टरकडे चाललोय. आज बाबांपाशी तू आहेस, म्हणून सांगतो. त्यांच्या मोटरसायकलच्या टाकीखाली पेट्रोल ठिबकतंय. बाबा पेट्रोलची नळी इंजिनाच्या गरम सिलिंडरपासून लांबून फिरवतील, क्लिपा आवळतील. आवळू देत. गळती नळीत नाहीच. टाकीच्या तोटीतला कॉर्क मी दर सोमवारी वाळवून, आक्रसवून बसवतो. गळतंय तोवर ते ऐंशीव्या वर्षी गाडी रस्त्यावर काढत नाहीत. तू शहाणपणा करून कॉर्क गरम पाण्यात टाकू नकोस. फुगला की गळती थांबेल.

सहा वर्षं हेच चाललंय. काल बाबा चहा ओतताना म्हणाले, "कॉर्क वाळवतोस ते ठाऊक आहे मला, लेका. वाळवत जा. गळायचं थांबलं, तर किक मारायला पायात जोर नाही हे मोटरसायकल क्लबात सांगावं लागेल."

सहाला परत येतो. त्यांना सोडून मी तरी जाणार कुठे?

डेन्झिल