ओढणी बांधलेला भाला

इंगोलश्टाट, जर्मनी,
रविवार, २२ जून

प्रिय सुलेखा,

अनेक आशीर्वाद लिहिले की तू रागावतेस, म्हणून नुसतं प्रेम. गुडघा बरा आहे. मेतकूट संपलं. लेक मजेत.

"त्या लुकासला नीट पारखून या, मग ठरवू," म्हणून तू मला हेर नेमून पाठवलंस. संपदाही अडून बसली आहे, आपण दोघं हो म्हणालो तरच लग्न. तर अहवाल.

मुलगा इंजिनिअर. अति सभ्य. संपदाला कोट चढवतो, मला गाडीचं दार उघडून देतो. एवढं सौजन्य आपल्याकडे फक्त विमा विकणारे दाखवतात. शिवाय सुट्टीत चिलखत घालून जत्रेत रिटर होतो, म्हणजे जुन्या काळचा घोडेस्वार वीर. भाल्याला प्रियेची ओढणी बांधून लढायची त्यांची रीत. ती ओढणी मागायला हा आला माझ्याकडे! संशय दुप्पट.

मी परीक्षा घेतली. "शत्रू घोड्यावरून पडला तर तुमचा वीरधर्म काय सांगतो?" आपलं धर्मशास्त्र यावर किती स्पष्ट आहे! हा म्हणतो, "काका, झुंज नाटकासारखी असते, तालमीत बसवलंय तसं करायचं."

शून्य गुण.

"बाबा, पुरे हं," संपदा म्हणाली. मग मी ओढणी दिली. तुझीच, संपदा वापरते ती लिंबू रंगाची. ओरडू नकोस.

काल झुंज झाली. समोरच्याच्या खोगिराचा पट्टा तुटला, तो धाडकन खाली. लुकासनं भाला टाकला, उडी मारली, त्याचं शिरस्त्राण काढून त्याला पाणी पाजलं. भाला आधी टाकेल तो हरला, असा नियम. लोकांनी हुर्यो केली.

मी चिखल तुडवत गेलो. "छान बसवलं होतंत!"

"गेनाऊ, अगदी बरोबर, काका," तो धापा टाकत म्हणाला. "फक्त, बसवलं होतं त्यात जिंकणार मी होतो."

नंतर तो बेसिनपाशी ओढणी चोळत बसला. मी दाराआडून बराच वेळ पाळत ठेवली. काही सापडलं नाही. डाग मात्र राहिलाय.

खरं सांगू? माझा संशय वेगळाच होता. पोर आता पुण्याला परतायची नाही, असा. तो खरा ठरला.

तुला न विचारता मी होकार देऊन बसलोय. भाला टाकलेल्यावर वार करू नये, एवढं धर्मशास्त्र पाळ.

तुझाच फितूर हेर,
दत्तात्रय